एव्हरेस्ट बेस कॅम्पला पहिल्यांदाच ग्रुपने निघालाय? मग हे आधी वाचा

मागच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही नऊ जण पुण्याहून एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलो. सगळ्यात लहान मुलगा २६ वर्षांचा, सगळ्यात मोठे काका ५८ वर्षांचे, आणि नवातले सात जण सह्याद्री सोडून दुसऱ्या कुठल्या डोंगरात कधी गेलेलेच नव्हते. परत आल्यापासून दर आठवड्याला कुणीतरी फोन करतं, काय काय लागतं, किती फिट असावं लागतं, आधार कार्ड चालतं का, म्हणून एकदाच सगळं ओळीने लिहून ठेवतेय.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी सांगते. ग्रुपमध्ये असताना डोकं दुखायला लागलं तर ते लगेच, मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगायचं. "उगाच माझ्यामुळे सगळ्यांना थांबायला नको" असं वाटून माणूस गप्प बसतो, आणि इतक्या उंचीवर ते गप्प बसणंच अंगाशी येतं. का ते पुढे येईलच.

१. आधी हा ट्रेक काय आहे ते नीट समजून घ्या

हे गिर्यारोहण नाही. दोर, बर्फातली कुऱ्हाड, क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांना लावायचे काटे) काही लागत नाही, पायवाट आहे आणि रात्री राहायला लॉज आहेत ज्यांना तिथे टी हाऊस म्हणतात. काठमांडूहून छोट्या विमानाने लुकला गावी उतरायचं आणि तिथून चालायला लागायचं, जाऊन येऊन साधारण १३० किमी चाल होते. अवघड आहे ती उंची. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, आणि बेस कॅम्प ५३६४ मीटर, म्हणजे तिपटीहून जास्त, तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या मानाने जवळपास निम्माच असतो. त्यामुळे "मी सिंहगड चाळीस मिनिटांत चढतो" याचा तिथे वाटतो तेवढा उपयोग होत नाही.

आणखी एक, बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही! समोर खुंबू आइसफॉल, म्हणजे हिमनदीचा तुटत खाली येणारा भाग दिसतो, तो अंगावर येतो इतका मोठा आहे, पण शिखर बघायचं तर दुसऱ्या दिवशी पहाटे काला पत्थर नावाच्या टेकडीवर चढावं लागतं. आमच्यातल्या दोघांना हे तिथे पोचल्यावर कळलं आणि त्यांचा चेहराच पडला, म्हणून आत्ताच सांगितलं.

२. कधी जायचं आणि किती दिवस धरायचे

मार्च ते मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. वसंतात गेलात तर बेस कॅम्पवर मोहिमांचे पिवळे तंबू दिसतात, गुरांसचं (ऱ्होडोडेंड्रॉनचं) फूल फुललेलं असतं, पण दुपारी ढग येतात. ऑक्टोबरमध्ये आभाळ स्वच्छ आणि गर्दी जास्त. पावसाळ्यात जाऊ नका.

चालायचे दिवस ११ ते १२, पण ऑफिसात सुट्टी मागताना १७-१८ दिवसांची मागा. काठमांडूला जाणं-येणं, तिथला एक दिवस, आणि लुकलाचं विमान रद्द झालं तर म्हणून कमीत कमी दोन दिवस जास्तीचे. हे दोन दिवस वाचवायला जाऊ नका. "दहा दिवसांत बेस कॅम्प" अशा जाहिराती दिसतील, त्यात वाटेतल्या नामचे किंवा डिंगबोचे गावात शरीराला उंचीची सवय व्हायला थांबण्याचा दिवस कापलेला असतो, आणि नेमका तोच दिवस सगळ्यात गरजेचा असतो.

३. ग्रुप जमवताना

आठ-दहा जण पुरेत. त्याहून जास्त झाले की टी हाऊसमध्ये खोल्या मिळत नाहीत आणि पुढचा माणूस मागच्यापेक्षा दीड तास आधी पोचतो. घरी असतानाच एकदा सगळ्यांनी समोरासमोर बसा आणि तीन गोष्टी ठरवून टाका: वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा, कुणाला परत फिरावं लागलं तर सोबत कोण फिरणार, आणि उंचीच्या बाबतीत गाइडचा शब्द शेवटचा. आम्ही हे लोणावळ्याच्या सराव ट्रेकच्या रात्री ठरवलं होतं आणि पुढे ते फार कामाला आलं.

ज्याला बीपी, मधुमेह, दमा, हृदयाचा काही त्रास आहे त्याने तो ग्रुपला आणि गाइडला सांगितलाच पाहिजे. डॉक्टरांना "ट्रेकला जातोय" एवढं सांगून भागत नाही, "साडेपाच हजार मीटरपर्यंत जातोय" असं सांगा.

४. तयारी: तीन-चार महिने आधी सुरू करा

जिमपेक्षा डोंगर बरा. आठवड्यात चार दिवस तासभर भरभर चालणं किंवा जिने चढणं, आणि दर रविवारी पाठीवर सहा-सात किलो घेऊन आतकरवाडीतून सिंहगड. शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस चालायचा सराव करा, आम्ही राजगड-तोरणा केला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या पायांनी पुन्हा उठून चालणं हाच या ट्रेकचा खरा अभ्यास आहे. मुंबईकरांनी एकदा तरी कळसूबाई करावं, आणि उतरण्याचाही सराव करा, गुडघे उतरताना जातात.

फिट असलात म्हणजे उंचीचा त्रास होणार नाही असं अजिबात नाही. तो तरण्याताठ्या पळणाऱ्या माणसालाही होतो, उलट त्याला जास्त धोका, कारण तो भराभर वर जातो.

५. कागदपत्रं

- पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. आधार कार्डावर मात्र विमानतळावर अडवतात, त्या कार्डावर विसंबून राहू नका. माझं मत विचाराल तर पासपोर्टच न्या, इन्शुरन्सलाही सोपं जातं.
- पासपोर्ट साइज फोटो, सहा तरी. सिम कार्डाला लागतात आणि वाटेत कुठे मागितले तर हाताशी असतात.
- इन्शुरन्सची छापील प्रत आणि त्यावरचा चोवीस तास चालणारा फोन नंबर.
- डॉक्टरांची चिठ्ठी, नेहमीची औषधं असतील तर.
- या सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये, आणि ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्येही.

परमिट दोन लागतात, एक खुंबू पासाङ ल्हामू गाउँपालिकेचं आणि दुसरं सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं. गाउँपालिका म्हणजे तिकडची ग्रामपंचायत समजा. उद्यानाच्या तिकिटाला सार्क देशांच्या लोकांना इतर परदेशी लोकांच्या निम्मा दर आहे, १५०० नेपाळी रुपये अधिक कर. एजन्सीने पॅकेजमध्ये तुमच्याकडून कुठला दर धरलाय ते विचारा, पुष्कळ जण विचारतच नाहीत.

६. इन्शुरन्स, आणि इथे घाई करू नका

साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स चालत नाही. पॉलिसीत दोन गोष्टी शब्दशः लिहिलेल्या हव्यात: ६००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग धरलंय, आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरलाय. पुष्कळ पॉलिसींमध्ये "साहसी खेळ वगळून" अशी ओळ बारीक अक्षरात असते. मी आधी घेतलेल्या पॉलिसीत चार हजार मीटरची मर्यादा निघाली, निघायच्या बारा दिवस आधी, आणि मग दुसरी काढेपर्यंत झोप उडाली होती. हेलिकॉप्टरचा खर्च लाखांत जातो, त्यामुळे हा कागद दोन माणसांनी वाचा.

आणि दुसऱ्या बाजूचंही सांगते. गरज नसताना ट्रेकरला हेलिकॉप्टरमध्ये बसवून इन्शुरन्सचे पैसे उकळण्याचे प्रकार नेपाळमध्ये झालेले आहेत, २०१८ मध्ये तिथल्या सरकारने त्याची चौकशीही केली. थोडं डोकं दुखलं की कुणी लगेच हेलिकॉप्टर म्हणालं तर आधी विचारा, चालत खाली उतरता येईल का. बऱ्याचदा येतं.

७. सामान

लुकलाच्या विमानात माणशी १५ किलो, दहा मोठ्या बॅगेत आणि पाच हातात. तेवढ्यातच बसवायचं आहे आणि ते बसतं. पोर्टर साधारण दोन जणांत एक असतो, म्हणजे दहा किलोच्या दोन बॅगा त्याच्या पाठीवर, हे बॅग भरताना डोळ्यांसमोर ठेवा.

- घोट्यापर्यंतचे ट्रेकिंग शूज. निदान दीड महिना वापरून मऊ केलेले. नवे कोरे शूज घालून आलेल्या आमच्या एका मैत्रिणीच्या टाचा नामचेलाच सोलवटल्या होत्या.
- थर्मलचे दोन जोड, फ्लीस, जाड डाऊन जॅकेट, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट.
- स्लीपिंग बॅग, उणे दहा-पंधराची. ही आणि डाऊन जॅकेट विकत घेऊ नका, काठमांडूच्या ठमेलमध्ये भाड्याने मिळतात. चेन नीट लागते का ते दुकानातच बघा.
- लोकरी मोजे चार, पातळ आणि जाड हातमोजे, कानटोपी, तोंडावर ओढायला बफ. वरची हवा कोरडी आणि गार, बफ नसला तर घसा धरतो आणि तो खोकला घरी येईपर्यंत जात नाही, त्याला खुंबू खोकलाच म्हणतात.
- चांगला गॉगल. बर्फावरून येणारं ऊन डोळे जाळतं. सनस्क्रीन, ओठांना लावायला काहीतरी.
- दोन काठ्या, हेडटॉर्च, पॉवर बँक. मोबाइल आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, थंडीत बॅटरी उतरते.
- एक लिटरच्या दोन बाटल्या आणि क्लोरीनच्या गोळ्या.
- टॉयलेट पेपर, सॅनिटायझर. बायकांनी पॅड किंवा कप जास्तीचे ठेवा, उंचीवर तारखा पुढेमागे होऊ शकतात, आणि वापरलेलं सगळं पिशवीत भरून खाली आणायचं.

कॉटनचे टीशर्ट आणि जीन्स घरी ठेवा, घाम वाळत नाही आणि थांबलं की हुडहुडी भरते.

खाऊ: शेंगदाण्याची चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, आणि मेतकूट. मेतकुटाचं पाकीट मी सहज टाकलं होतं. लोबुचेला कुणालाच काही जात नव्हतं तेव्हा गरम भात, मेतकूट आणि थोडं तूप असं कालवलं, एक सोडून सगळे जेवले.

८. काठमांडू ते लुकला

पुणे-मुंबईहून विमानाने काठमांडू, किंवा पैसे वाचवायचे तर रेल्वेने गोरखपूर, पुढे सोनौली सीमा आणि बस. बसने जाणार असाल तर एक अख्खा दिवस आराम धरा, थकून ट्रेक सुरू करू नका.

गर्दीच्या महिन्यांत लुकलाची बरीच विमानं काठमांडूहून न सुटता रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात, म्हणजे रात्री एक-दोनला काठमांडूतून गाडीने निघायचं आणि वळणावळणाच्या रस्त्याने चार-पाच तास. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्या. एजन्सीला बुकिंगच्या वेळीच विचारा कुठून सुटणार, आणि ही गाडी पॅकेजमध्ये आहे की वेगळी.

लुकलाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि चढाची, एका टोकाला डोंगर दुसऱ्या टोकाला दरी. विमान सकाळी लवकरच उडतं, कारण नंतर वारा आणि ढग. रद्द झालं तर भांडू नका, तो निर्णय तुमच्या जिवासाठीच असतो.

९. रोजची चाल

पहिला दिवस, लुकला (२८६० मीटर) ते फाकडिंग (२६१०). चक्क उतार. दुसरा, नामचे बाजार (३४४०), उंच झुलता पूल आणि मग दोन-अडीच तासांची उभी चढण, हा पहिला कसोटीचा दिवस. तिसऱ्या दिवशी नामचेलाच मुक्काम, पण लोळत पडायचं नाही, वर ३८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत चढायचं, चहा प्यायचा आणि झोपायला खाली यायचं. शनिवार असेल तर नामचेचा आठवडी बाजार बघा.

चौथा, तेंगबोचे (३८६०). आधी नदीपर्यंत उतरून पुन्हा सहाशे मीटर चढ, उतरताना जीव जळतो की एवढं कमावलेलं घालवतोय. तिथला मठ आणि मागे अमा दबलम शिखर, संध्याकाळी प्रार्थनेला बसू देतात, चपला बाहेर काढून शांत बसा. पाचवा, डिंगबोचे (४४१०). सहावा पुन्हा थांबा, मागच्या टेकडीवर चढून खाली.

सातवा, लोबुचे (४९४०). वाटेत थुकलाची चढण संपली की एका पठारावर दगडांचे ढीग आणि पताका दिसतात, एव्हरेस्टवर गेलेल्यांची स्मारकं. अमेरिकन गिर्यारोहक स्कॉट फिशरचं आहे, बाबू छिरी शेर्पांचं आहे. बाबू छिरी म्हणजे दहा वेळा एव्हरेस्ट चढलेला माणूस, आणि त्याच्या नावासमोर आपण धापा टाकत उभे. आमच्यातलं कुणी पंधरा मिनिटं बोललं नाही.

आठवा, गोरकशेप (५१६४), सामान टाकून बेस कॅम्प आणि परत. हा दिवस आठ-नऊ तासांचा. नववा, पहाटे चारला काला पत्थर आणि मग थेट फेरीचेपर्यंत उतार. पुढे दोन-तीन दिवसांत लुकला.

वाटेतले तीन नियम. याक किंवा खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. झुलत्या पुलावर जनावरं असतील तर पूल रिकामा होईपर्यंत थांबा. आणि मणींच्या (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) भिंती, स्तूप आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं, आपण देवळात प्रदक्षिणा घालतो तसंच. नेपाळी देवनागरीतच असल्याने पाट्या आपल्याला वाचता येतात, याचा आम्हाला फार आनंद झाला होता. गाइड दिवसभर एकच शब्द म्हणायचे, "बिस्तारै, बिस्तारै". हळूहळू.

१०. उंचीचा त्रास, आणि त्या रात्रीची गोष्ट

तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक थांबा घ्यावा, वरचं वेळापत्रक साधारण याच हिशोबाने आहे. डोकं दुखणं, सोबत मळमळ, भूक मरणं, चक्कर, खूप थकवा, हे पहिल्या पातळीचं. तेव्हा आणखी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. त्रास वाढला तर खाली.

पुढच्या दोन गोष्टी जिवावरच्या. एक, मेंदूला सूज: माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो. एका रेषेत, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत दहा पावलं चालायला सांगा, तोल गेला तर रात्र असो की पाऊस, त्याला खाली न्या. दुसरं, फुप्फुसात पाणी: बसल्या जागी धाप लागते, छातीत घुरघुर, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी. यालाही तेच, खाली. ऑक्सिजन आणि औषधं वेळ मिळवून देतात, इलाज उतरणं हाच.

आमच्यातला तो २६ वर्षांचा मुलगा मॅरेथॉन पळणारा, रोज सगळ्यांच्या पुढे. डिंगबोचेला दुसऱ्या रात्री त्याचं डोकं दुखत होतं, त्याने गुपचूप गोळी घेतली आणि कुणाला काही बोलला नाही. लोबुचेला पोचल्यावर जेवला नाही, म्हणाला झोप येतेय. रात्री आठला उलट्या सुरू झाल्या. गाइडने उठवून रेषेवर चालवलं आणि तिसऱ्याच पावलाला तो भिंतीवर गेला. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. पाच मिनिटांत ऑक्सिजन लावला, दोन पोर्टर दाइ (नेपाळीत दादा) आणि घरी ठरल्याप्रमाणे त्याचा मित्र, असे चौघे हेडटॉर्च लावून फेरीचेकडे उतरले, तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा सीझनपुरता दवाखाना असतो. सहाशे-सातशे मीटर उतरल्यावर तो नीट बोलायला लागला. तीन दिवसांनी नामचेला भेटला तेव्हा रडत सांगत होता की मला वाटलं मी बोललो तर काकांना पण थांबवतील.

काका रोज शेवटचे पोचायचे आणि रोज संध्याकाळी न विचारता सांगायचे, आज डोकं जड आहे, आज नाही. काका बेस कॅम्पला पोचले.

म्हणून हे करा: रोज जेवणाआधी प्रत्येकाने सगळ्यांसमोर सांगायचं, डोकं कसं आहे, जेवण जातंय का, झोप झाली का. दोन मिनिटं लागतात. डोकेदुखीची गोळी घेतली तर तीही सांगायची.

उंचीच्या त्रासासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल: आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी खास करून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, ते घाबरण्यासारखं नाही. पण ही गोळी घेतली म्हणून भराभर वर जायची मुभा मिळत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू, वर चढताना पूर्ण बंद.

११. खाणं, पाणी, पैसे

दाल-भात मागा, पुन्हा पुन्हा वाढतात. नामचेच्या वर मांसाहार टाळा, खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागात, जनावर मारत नाहीत त्यामुळे मांस खालून पाठीवर येतं, किती दिवसांचं ते सांगता येत नाही. दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी. लसणाचं सूप सगळीकडे मिळतं, गरम गरम बरं वाटतं.

एक भारतीय रुपया म्हणजे १.६ नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. रोख काठमांडूतच घ्या, नामचेला एटीएम आहेत पण भरवसा धरू नका. गरम पाण्याची अंघोळ, चार्जिंग, वायफाय सगळ्याचे वेगळे पैसे, आणि जसजसं वर जाल तसतसे वाढतात, ते सगळं माणसाच्या किंवा याकाच्या पाठीवरून आलेलं असतं तेव्हा घासाघीस करू नका.

पोर्टरचा विमा आहे का, त्यांच्याकडे शूज आणि गरम कपडे आहेत का, हे एजन्सीला बुकिंग करतानाच विचारा. नाव विचारा, दाइ म्हणा. टिपचे पैसे ग्रुपने घरूनच वेगळे काढून ठेवा, शेवटी खिसे रिकामे झालेले असतात.

१२. लुकलाला परत आल्यावर

शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवून टिपची पाकिटं प्रत्येकाच्या हातात द्या, एकाकडे सगळ्यांची देऊ नका. चांगल्या स्थितीतले हातमोजे, टोप्या, उरलेली औषधं द्यायची असतील तर गाइडला विचारून द्या.

मग विमानाची वाट. आम्ही ढगांमुळे दीड दिवस अडकलो, शेजारच्या टेबलावरच्या एका ग्रुपचं दुसऱ्याच दिवशी काठमांडूहून परतीचं तिकीट होतं आणि ते सारखे फोनवर होते. आमचे दोन दिवस शिल्लक होते. काकांनी उरलेली चिक्की काढली, तो मुलगा पत्ते पिसत होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला घंटा वाजली, पहिलं विमान आलं.